आधण आलं म्हणजे किती?

तुंगाबाईंना कुणी "पाच मिनिटांत येते हं" म्हणालं की त्या घड्याळ बघून ठेवायच्या. माणूस परत आलं की सांगायच्या, "सतरा झाली." त्यात राग नसायचा, टोमणाही नसायचा. पाऊस थांबला असं सांगावं तसं सांगायच्या. त्यामुळं कॉटनपेटच्या त्या गल्लीत हळूहळू कुणी पाच मिनिटं म्हणेनासंच झालं. बायका "स्वल्प वेळानं येते" म्हणून सुटका करून घ्यायच्या. कन्नडातलं हे स्वल्प, म्हणजे थोडं, बेंगळुरातल्या मराठी घरांत असं मुरलेलं की ते कन्नड आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. तुंगाबाई त्यावरही विचारायच्या, "स्वल्प म्हणजे किती?"

त्यांचा नवरा नरसिंगराव शिंपी. गल्लीच्या तोंडाशी दुकान. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "टेप मी गळ्यात घालतो, आमचं माणूस डोळ्यांत घालून बसलंय." गिऱ्हाईक हसायचं. तुंगाबाईपण हसायच्या, आणि मग त्या गिऱ्हाइकाच्या बाह्या एकसारख्या आहेत का ते बघायच्या.

त्यांना मोजायचं वेड होतं असं लोक म्हणत, पण ते तितकंसं खरं नाही. मोजण्यात त्यांना गोडी नव्हती. दोन गोष्टी सारख्या दिसतात आणि सारख्या नसतात, ह्याची त्यांना गोडी होती. एकाच दुकानच्या दोन मेणबत्त्या एकदम का विझत नाहीत? एकाच चुलीवर एक भांडं आधी आणि दुसरं मागून का तापतं? शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढं विचारायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःलाच विचारायच्या.

१९५६ साली गल्लीत स्टोव्ह आले. हयवदनराव म्हणून एक गृहस्थ समोरच्या घरात राहायचे. राजाजीनगरच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्यांची लेथवर्कची शेड होती, आणि तिथं त्यांनी रॉकेलचे पंपाचे स्टोव्ह करायला घेतले होते. स्टोव्हला बायकोचं नाव दिलं, 'सुनंदा'. सुनंदाबाई म्हणायच्या, "पेटायला वेळ लागतो, पेटल्यावर आवाज फार. नाव बरोबर ठेवलंय ह्यांनी." विक्रीच्या आधी हयवदनरावांनी गल्लीतल्या सहा घरांत सहा स्टोव्ह दिले. महिनाभर वापरा आणि कसा वाटतो ते सांगा.

पाच घरांनी सांगितलं, छान आहे. त्यातलीच एक भागुबाई म्हणाली, "छानच की, पण स्वल्प आवाज आहे." सहाव्या घरातून तुंगाबाई दोन कागद घेऊन आल्या. कुठल्या दिवशी किती भांडी चढली, पंप किती वेळा मारला, पिन किती वेळा घातली, टाकी भरल्यापासून रिकामी होईपर्यंत किती तास गेले. खाली लिहिलं होतं, 'पहिले दहा दिवस चांगला. अकराव्या दिवसापासून दर वेळी पंप चार जास्त. वायसर बघावा.'

हयवदनरावांनी वायसर बघितला. कातडं चिरलेलं होतं.

"तुंगाबाई," ते म्हणाले, "हे आमच्या शेडमध्ये येऊन कराल का?"

"काय करायचं?"

"हेच. बाकीचे सगळे मला छान आहे म्हणून सांगतात."

अशा रीतीनं शेडच्या उत्तरेच्या खिडकीखाली एक टेबल आलं. मोजणीचं टेबल. त्यावर एक टिकटिकणारं थांबघड्याळ, एक दोनशे वीस डिग्री फॅरनहाइटपर्यंतचा काचेचा थर्मामीटर, दोन लिटरचं एक ॲल्युमिनियमचं पातेलं आणि त्याचं झाकण. पातेलं बदलायचं नाही, झाकण बदलायचं नाही, खिडकी उघडायची नाही. पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायचं आणि ऐंशी डिग्रीवर आणून मगच चढवायचं. स्पिरिटनं बर्नर तापवायचा, पंप वीस मारायचे, ज्योत निळी झाली की पातेलं वर आणि घड्याळ सुरू. आणि आधण आलं की घड्याळ बंद.

आधण आलं हे कसं ठरवायचं, ह्याचंही त्यांचं शास्त्र होतं. हाताखाली बसवंत होता. खानापूरकडचा, चांगला तिशीतला गडी, स्टोव्हच्या टाकीचे सांधे झाळायचा आणि दुपारी टेबलाला मदत करायचा. त्याला त्यांनी शिकवलं होतं, "भांडं आधी गुणगुणतं. तेव्हा हात लावायचा नाही. मग एकदम गप्प होतं. तेव्हा बोट घड्याळावर ठेवायचं. आणि उसळलं की दाबायचं."

"म्हंजे आमच्या वहिनीगत," बसवंत म्हणायचा. "गुणगुणत्या तवर भ्या न्हाई. गप्प झाली की भाऊ बाहीर पळतंय."

पाच वर्षं ते टेबल चाललं. दहातला एक स्टोव्ह तुंगाबाईंकडं यायचा, त्याचा कागद व्हायचा, आणि कागदाखाली त्यांची सही. हयवदनरावांना कुणी काही विचारलं की ते म्हणायचे, तुंगाबाईंचा आकडा आहे. ह्यापुढं चर्चा नसायची.

१९६१ साली मद्रासच्या एका सहकारी खरेदी मंडळानं वसतिगृहांसाठी बाराशे स्टोव्ह घ्यायचे काढले. जो कारखाना भाग घेईल त्यानं आपल्या स्टोव्हचा कागद पाठवायचा: दोन लिटर पाणी, ऐंशी डिग्रीपासून उकळीपर्यंत, किती वेळ. तुंगाबाईंनी बारा स्टोव्ह मोजले आणि सरासरी लिहिली, दहा मिनिटं दोन सेकंद. मद्रासच्याच एका कारखान्याचा हिरव्या रंगाचा स्टोव्ह होता, त्याच्या कागदावर दहा मिनिटं चौदा सेकंद. सुनंदा पहिली आली. शेडमध्ये पेढे वाटले.

मग मंडळानं दोन्ही स्टोव्ह मागवून आपल्याकडं चढवून बघितले. हिरवा, दहा चौदा. कागदावर होता तसाच. सुनंदा, दहा सत्तावीस.

पत्र आलं ते हयवदनरावांनी टेबलापाशी उभं राहून वाचून दाखवलं. आपल्या परीक्षकानं दिलेला आकडा आमच्याकडं येत नाही. पंचवीस सेकंदांचा हा फरक चुकीचा की हेतूचा, ह्याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत करावा.

"हेतूचा म्हणजे?" तुंगाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम कमी लिहिला म्हणतात."

टेबलाभोवती माणसं जमली होती. हयवदनरावांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

"तुंगाबाई, घड्याळ मागं पडलं असेल. सुरू करताना हात उशिरा गेला असेल. तसं लिहून द्या, मोकळं होऊ. आपण पुन्हा मोजून पाठवू."

"लिहून देते की," त्या म्हणाल्या. "चूक कुठं झाली ते कळल्यावर."

त्या आठवड्यात त्यांनी एकेक गोष्ट धरून उलटीपालटी केली. घड्याळ स्टेशनच्या मोठ्या घड्याळाशी लावून बघितलं, तासाला एका सेकंदाचाही फरक नाही. थर्मामीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या दोन थर्मामीटरांशेजारी ऐंशीच्या पाण्यात उभा केला, तिघं एकाच रेघेवर. पातेलं वजन केलं. रॉकेल दुसऱ्या दुकानाचं आणलं. उत्तर दर वेळी दहा मिनिटं, वर एक किंवा दोन किंवा तीन सेकंद. दहा सत्तावीस एकदाही नाही.

"अक्का, पाणी," बसवंत म्हणाला. "मद्रासचं पाणी जड असतंय म्हनं. त्यात आंगुळ केली तर साबणाला फेस येत न्हाई."

ते तुंगाबाईंना पटलं. म्हणून त्या मद्रासला निघाल्या तेव्हा सामानात स्टोव्ह, पातेलं, झाकण, घड्याळ, थर्मामीटर आणि बेंगळुराच्या नळाच्या पाण्याचे दोन डबे होते. नरसिंगराव दुकान बंद करून सोबत आला होता. डबे त्याच्या हातात.

"लोक काशीहून पाणी आणतात," तो गाडीत शेजारच्याला सांगत होता. "आम्ही कॉटनपेटहून नेतोय."

मंडळाच्या गोदामात वरदाचारी नावाचे अधिकारी होते. पांढरं धोतर, काळा कोट, बोलणं मोजकं. त्यांना मोडकंतोडकं कन्नड यायचं, म्हणून निभावलं. त्यांनी तुंगाबाईंना टेबल दिलं, दारं बंद करून घेतली, आणि स्वतः खुर्ची टाकून बसले.

मद्रासचं पाणी. दहा अठ्ठावीस.

बेंगळुराचं पाणी. दहा सत्तावीस.

तुंगाबाईंनी स्टोव्ह विझवला, थंड होऊ दिला, पुन्हा पेटवला. पातेलं गुणगुणलं, गप्प झालं, उसळलं. दहा सत्तावीस.

"काय म्हणता, अम्मा?" वरदाचारी म्हणाले. "बेंगळुराला घड्याळ आमच्यापेक्षा हळू चालतं का? तिथं हवा गार आहे म्हणतात."

"हेच घड्याळ आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

"मग तिथं मोजणारा हात वेगळा असेल."

"हाच हात आहे."

वरदाचारी उठले. "उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा द्या. मला फाईल पुढं पाठवायची आहे."

मुक्काम नरसिंगरावाच्या मामेबहिणीकडं, साहुकारपेठेत. जमनाबाई नाव. दोन पिढ्या मद्रासात, पण बोलणं अजून घरचं. तिनं तुंगाबाईंचा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही, स्वयंपाकघरात पाट दिला. तुंगाबाईंनी भेट म्हणून बेंगळुराहून तुरीची डाळ आणली होती, तीच तिनं चुलीवर चढवली होती. दोघी बोलत होत्या. बोलता बोलता जमनाबाईनं झाकण काढलं, पळीनं दोन दाणे घेतले, बोटांत चिरडले आणि पातेलं उतरवलं.

"अक्का, इतक्यात?" तुंगाबाईंनी विचारलं.

"इतक्यात कुठं? रोजच्यासारखीच की."

"ही मी आणलेली डाळ ना?"

"तूच की गं आणलीस. काय झालं तिला?"

तुंगाबाईंनी दोन दाणे घेतले. लोण्यासारखे. ह्याच पोत्यातली डाळ घरी ह्याच्यापेक्षा किती तरी वेळ शिजत बसायची. त्या चुलीपुढं बसून राहिल्या. जमनाबाईनं ताटं मांडली, हाका मारल्या, तरी उठल्या नाहीत.

आधण इथं उशिरा येतं. आणि डाळ इथं लवकर शिजते. विस्तव कमी आहे म्हणावं तर डाळ उशिरा शिजायला हवी. विस्तव जास्त आहे म्हणावं तर आधण आधी यायला हवं. दोन्ही एकदम कसं होईल?

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "थर्मामीटर कुठं ठेवलाय?"

"जेवून घे की आधी."

"कुठं ठेवलाय?"

पाच वर्षं तो थर्मामीटर रोज पाण्यात जात होता. पण फक्त सुरुवातीला, ऐंशी दाखवायला. शेवटाला तो कधी कुणी घातलाच नव्हता. कशाला घालायचा? उकळतंय ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. आधण आलं म्हणजे आलं. त्याला डिग्री कोण विचारतो?

जमनाबाईच्या चुलीवर पाणी उसळायला लागल्यावर त्यांनी थर्मामीटर आत धरला. दोनशे बारा.

सकाळी पोस्ट उघडायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. बसवंतच्या नावानं शेडच्या पत्त्यावर अर्जंट तार: उकळत्या पाण्यात थर्मामीटर घाल, आकडा कळव. तारबाबूनं दोनदा वाचली. "अम्मा, हे पाककृतीचं आहे का?" त्यानं विचारलं. तुंगाबाई म्हणाल्या, "तसंच समजा."

दुपारी तारवाला जमनाबाईच्या दारात आला. तार बघूनच जमनाबाईनं तोंडाला पदर लावला. तारवाल्याला थोडं वाचता येत होतं. तोही गंभीर होऊन उभा. "टेंपरेचर आहे, अम्मा," तो हळूच म्हणाला. "दोनशे साडेसहा."

"अगं बाई! कुणाला एवढा ताप?" जमनाबाई किंचाळली.

"पाण्याला, अक्का," तुंगाबाई म्हणाल्या. "इथं उकळी साडेपाच डिग्री जास्त गरम, म्हणून तुझी डाळ लवकर शिजते."

तारेत पुढं होतं, तिन्ही थर्मामीटर तेच सांगतात, तब्येत बरी आहे ना? बसवंतनं कॉलेजातून मागून आणलेला थर्मामीटर बिघडला समजून पुन्हा पळत जाऊन आणखी दोन आणले होते, आणि अक्काला मद्रासचं ऊन लागलं अशी त्याची खात्री होती.

संध्याकाळच्या आधी त्या गोदामात गेल्या. वरदाचारींपुढं तार ठेवली, आणि त्यांच्याच टेबलावर पाणी उकळवून थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. वरदाचारींनी तो धरला, वाचला, तार वाचली. मग कोटाचं वरचं बटण काढलं.

"हे मी शाळेत शिकलो होतो," ते म्हणाले. "उंचावर पाणी लवकर उकळतं, हवेचा दाब कमी असतो म्हणून. परीक्षेत मार्क मिळाले होते मला."

"मग?" तुंगाबाईंनी विचारलं.

"मग काय? परीक्षा संपली." ते पहिल्यांदा हसले. "तुमच्याकडं साडेपाच डिग्री आधीच उकळी फुटते. तेवढे सेकंद वाचतात. तुमचा आकडा खरा होता, अम्मा. आमचाही खरा होता."

नरसिंगरावानं डबे उचलले. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं. तुंगाबाई मात्र हलल्या नाहीत.

"साहेब, उकळी मोजायची नाही. ऐंशीपासून दोनशेपर्यंत मोजायचं. दोनशे सगळीकडं दोनशेच. दोन्ही स्टोव्ह आता, ह्याच टेबलावर."

"अगं," नरसिंगराव मराठीत म्हणाला, "सुटलीस ना? चल की आता."

"मी सुटले. स्टोव्ह कुठं सुटलाय?"

सुनंदा, नऊ मिनिटं तीस सेकंद. हिरवा, नऊ मिनिटं अठरा सेकंद. तीन वेळा मोजलं. वरदाचारींनी आकडे फाईलवर चढवले, खाली तुंगाबाईंनी सही केली. बाराशे स्टोव्हची ऑर्डर हिरव्याकडं गेली.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असतं, ते इतकी वर्षं बघितलेलंच नव्हतं. समुद्रसपाटीपासून उंची, इतके फूट. मद्रासला नाममात्र. मग काटपाडी, जोलारपेट, बंगारपेट, आकडा चढतच गेला. त्यांनी नवऱ्याच्या खिशातली खडूची कांडी मागून घेतली आणि लाकडी बाकावर लिहीत गेल्या. बेंगळुराची पाटी आली तेव्हा तीन हजारांना थोडे कमी. तेवढ्या फुटांना साडेपाच डिग्री. चौथीतल्या त्रैराशिकाला एवढं पुरे.

हयवदनराव मद्रासहून आलेलं पत्र हातात घेऊनच बसले होते.

"तुम्हाला खुलासा द्यायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "साक्ष द्यायला नव्हे."

"दोन्ही एकच झालं, राव."

"समुद्रापाशी पाणी वेगळं उकळतं, डोंगरावर वेगळं. स्टोव्हला काय ठाऊक आपण कुठं आहोत ते? त्या मद्रासवाल्यानं गोड बोलून तुमच्याकडून सही घेतली."

तुंगाबाईंनी शेडमध्ये सुनंदा पेटवून ऐंशी ते दोनशे मोजून दाखवलं. नऊ तीस, मद्रासला आलं तेच. हयवदनरावांनी हात झटकला. "मोजता तुम्ही, लिहिता तुम्ही, खरं म्हणून सांगता पण तुम्हीच." ते माणूस चांगले होते, पण बाराशे स्टोव्हचं दुःख मोठं होतं. "मी मंडळाला लिहिणार आहे. आमच्या परीक्षकाची चूक झाली, आकडे धरू नयेत, फेरतपासणी करावी. आणि हे टेबल पॅकिंगला देतो. जागा अपुरी पडते आहे."

बसवंत झाळणं थांबवून बघत होता. तुंगाबाईंनी पेन्सिल उचलली, मोजणीच्या कोऱ्या कागदावर एक आकडा लिहिला, घडी घातली आणि हयवदनरावांच्या खिशाशी धरली.

"रविवारी नंदीच्या डोंगरावर चला. पाच हजार फुटांना थोडा कमी आहे म्हणतात. थर्मामीटर तुम्ही धरायचा, मी लांब बसते. पाणी किती डिग्रीला उकळेल ते ह्यात लिहिलंय. चुकलं तर पत्रावर माझीच सही घ्या."

"चूक माझी, असं लिहून?"

"होय. चूक माझी असं लिहून."

हयवदनरावांनी घडी उघडली नाही. पण फेकलीही नाही.

रविवारी त्यांच्या जुन्या मोटारीत ते स्वतः, सुनंदाबाई, तुंगाबाई, मागं बसवंत आणि त्याच्या मांडीवर स्टोव्ह. नरसिंगरावाला जागा नव्हती. तो म्हणाला, बरं झालं, ह्या वेळी पाणी तरी उचलायला नको. वळणावळणावर मोटार तापली, दोनदा थांबावं लागलं. वर वारा मोकाट होता. ज्योत टिकेना. शेवटी एका पडक्या भिंतीच्या आडोशाला बसवंत अंगावरची घोंगडी धरून उभा राहिला, आणि आत स्टोव्ह पेटला.

तुंगाबाई वीस पावलांवर एका दगडावर जाऊन बसल्या, पाठ करून.

"तिकडं कशाला गं?" सुनंदाबाईंनी ओरडून विचारलं. "थंडी वाजेल."

"इथूनच ऐकते," त्या म्हणाल्या.

पण वाऱ्यात पातेल्याचं काही ऐकू येत नव्हतं. गुणगुण नाही, गप्प होणं नाही. हातात घड्याळ नाही, डोळ्यांपुढं पातेलं नाही. एवढी वर्षं आकडा त्यांना आधी दिसायचा आणि मग लोकांना. आज उलटं होतं. त्रैराशिक त्यांनी सात वेळा करून बघितलं होतं, पण साडेपाच डिग्री सरळ रेषेतच पुढं जातात हे त्यांना कुणी सांगितलं होतं? वर जाता जाता कमी होत असतील तर? अचानक जास्त होत असतील तर? हे कालच कसं सुचलं नाही? त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या बरोबरीनं वाटत होतं की चुकलं असेल तर किती चुकलं ते तरी कळेल.

"राव, खाली लावू नका बुडाला!" बसवंतचा आवाज आला. "मधी धरा, मधी! काच बुडाला टेकली की खोटं बोलतंय."

"मला शिकवतोस होय रे?"

"अक्कानं शिकवलंय. ती मार खाईल न्हवं तुमच्या चुकीनं."

थर्मामीटर मधे गेला. मग हयवदनराव म्हणाले, "दुसरा थर्मामीटर दे."

दुसरा आत गेला. वारा घोंगडीत भरून फडफडत होता. कागदाची घडी उलगडल्याचा आवाज तेवढ्यात कसा ऐकू आला कोण जाणे, पण तुंगाबाईंना तो आला.

"तुंगाबाई," हयवदनराव म्हणाले. "इकडं या."

त्या आल्या. पातेलं उसळत होतं, वाफ तिरकी उडत होती. हयवदनरावांच्या एका हातात कागद, दुसऱ्या हातात थर्मामीटर. कागदावर दोनशे तीन. काचेत पारा दोनशे तीनच्या रेघेला चिकटून, केसभर वर.

"केसभर वर आहे," तुंगाबाई म्हणाल्या.

"मला दिसतंय." त्यांनी थर्मामीटर पुसून नळीत ठेवला. "म्हणजे तो हिरवा खरंच बारा सेकंद पुढं आहे."

"होय, राव."

"इथं, तिथं, सगळीकडं?"

"सगळीकडं."

"बाई गं," सुनंदाबाई म्हणाल्या, "माझ्या नावाचा स्टोव्ह आणि बारा सेकंद मागं? मला तर घरात सगळे पुढं पुढं करते म्हणतात."

बसवंत घोंगडीआड तोंड घालून हसला. हयवदनराव हसले नाहीत. पण त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून टाईप केलेलं एक पत्र काढलं, सहीसाठी खाली जागा सोडलेलं. त्याचे चार तुकडे केले, आणि वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून स्टोव्हच्या ज्योतीला एकेक लावले.

"बर्नरची भोकं," ते जरा वेळानं म्हणाले. "मला पहिल्यापासून वाटत होतं, आपली भोकं मोठी आहेत."

"वाटून काय?" तुंगाबाई म्हणाल्या. "एक हिरवा विकत आणा. शेजारी शेजारी लावून बघू."

"आणतो. उद्याच आणतो."

सुनंदाबाईंनी त्या उसळत्या पाण्यात कॉफीची पूड टाकली. तुंगाबाईंनी मांडीवर कागद पसरला. स्टोव्हचा नंबर, तारीख, पाणी, सुरुवात, शेवट, वेळ, असे रकाने छापलेले होते. त्यांनी पेन्सिलीनं डाव्या बाजूला एक उभी रेघ मारली, वर लिहिलं 'जागा', आणि बसवंतला विचारलं, नंदीची उंची फुटांत नक्की किती म्हणून पाटीवर लिहिली होती.

"वाचली न्हाई की अक्का."

"मग जा, वाचून ये. कॉफी गार व्हायच्या आत."

"स्वल्प थांबून जातो की."

"किती?"

बसवंत घोंगडी टाकून पळाला.